रात्रीच्या कॅमेऱ्यात माणूस दिसतो की नुसती सावली?



वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कॅमेरा म्हणजे बँक, सराफाचे दुकान नाहीतर एखाद्या बड्या साहेबाचा बंगला, एवढेच आपल्याला ठाऊक होते. आज ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीपर्यंत आणि कळव्यापासून डोंबिवलीच्या शेलार नाक्यापर्यंत कुठेही जा. चाळीच्या तोंडाशी, सोसायटीच्या जिन्यात, विहाराच्या दारावर, अगदी दहा बाय बाराच्या खोलीच्या चौकटीवरही कॅमेरा लावलेला दिसतो. कोणी भिशीच्या पैशातून बसवला, कोणी दिवाळीच्या बोनसमधून, तर कुठे घरटी वर्गणी काढली गेली. घरातली दोन्ही माणसे कामाला जातात, मुलगी शेवटच्या कसारा लोकलने उतरून एकटी घरी येते, हप्ते न फिटलेली मोटारसायकल रात्रभर गल्लीत उभी असते. काळजी खरी आहे, तेव्हा हा खर्च वायफळ म्हणता येणार नाही.

पण बहुतेकांचा अनुभव सारखाच आहे. दिवसा चित्र आरशासारखे स्वच्छ आणि रात्री सगळा धुरळा. गाडीतले पेट्रोल काढणारा आला आणि गेला, पण पडद्यावर चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा गोळा. मग चार माणसे मोबाइलभोवती जमतात आणि त्यांतला एक जण म्हणतो, "चाल बघा, हा अमक्याचाच पोरगा वाटतो." खरा धोका इथे आहे. चोर सुटला हे एक नुकसान झाले. पण निरपराध पोराच्या नावाला काळे लागले, तर ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून रात्रीचे चित्र सुधारायचे कसे आणि त्या चित्रावर विश्वास ठेवायचा किती, या दोन्ही गोष्टी आज एकत्रच पाहू.

कॅमेरा अंधारात पाहतो कसा?

विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. हाच तो अवरक्त प्रकाश. आपल्या कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवती जे बारीक दिवे असतात, ते हाच प्रकाश फेकतात. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा ठिपका मोबाइलमध्ये चमकेल. रात्री त्याच मोबाइलने घरचा कॅमेरा पाहा. त्याचे दिवे चमकत नसतील तर दिवे गेले आहेत किंवा त्यांना वीज पोहोचत नाही, हे मेकॅनिकला बोलावण्याआधीच कळेल.

कॅमेऱ्याच्या आत एक काचेचा पडदाही असतो. दिवसा तो अवरक्त प्रकाश अडवतो आणि रंग खरे ठेवतो. अंधार पडला की 'टक्' असा आवाज होऊन तो बाजूला सरकतो आणि चित्र काळे-पांढरे होते. दिवसा चित्र गुलाबी-जांभळट दिसू लागले तर हा पडदा उघडा राहून अडकला आहे असे समजावे. दिवे चालू असूनही रात्री अंधारच दिसत असेल तर तो बंद राहून अडकला असण्याची शक्यता असते.

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. या प्रकाशात रंग खोटे दिसतात. कित्येक काळ्या कपड्यांचा रंग अवरक्त प्रकाश शोषतच नाही, त्यामुळे काळा शर्ट पडद्यावर राखाडी, कधी चक्क पांढरा दिसतो. सावळा माणूसही उजळ दिसतो. तेव्हा "फुटेजमध्ये पांढऱ्या शर्टाचा गोरा पोरगा होता" एवढ्यावरून कोणाकडे बोट दाखवू नये. तो काळ्या शर्टाचा सावळा माणूस असू शकतो.

पैसे न लागणारे उपाय आधी

पहिला उपाय स्वच्छतेचा. दिव्यांच्या उजेडाला आणि उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि डोळ्यासमोरच जाळे विणतो. दिवसा न दिसणारा तो एक धागा रात्री दोरखंडासारखा चमकतो. शिवाय आपल्याकडे रस्त्याची आणि कारखान्यांची धूळ, पावसाळ्यात खाडीकडचा दमट वारा आणि खिडकीतून बाहेर जाणारा फोडणीचा धूर यांचा चिकट थर काचेवर बसतो. महिन्यातून एकदा कुंच्याने जळमटे काढावीत आणि मऊ ओल्या फडक्याने काच हलकेच पुसावी. घासणी, कपड्यांची पावडर, रॉकेल किंवा थिनर लावू नये. डोम कॅमेऱ्याचे कवच प्लास्टिकचे असते, त्यावर ओरखडा पडला की रात्रीचे चित्र कायमचे धूसर होते. नवा कॅमेरा असेल तर कंपनीने चिकटवलेली पातळ फिल्म निघाली आहे की नाही, तेही पाहावे. कित्येक ठिकाणी ती वर्षानुवर्षे तशीच असते.

दुसरा उपाय जागेचा. कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी पांढरी भिंत, पत्रा, छज्जा किंवा दोरीवरचे कपडे असतील तर त्याचाच प्रकाश त्यांच्यावर आपटून परत येतो. कॅमेऱ्याला वाटते, उजेड भरपूर आहे. मग तो चित्र काळे करतो आणि गल्लीतला माणूस त्या काळोखात बुडतो. कॅमेरा थोडा पुढे घ्यावा किंवा वळवावा, जेणेकरून जवळची वस्तू चित्रात येणार नाही. खिडकीच्या काचेआडून बाहेर पाहणाऱ्या कॅमेऱ्याचेही हेच होते, रात्री त्याला स्वतःचेच दिवे काचेत दिसतात. अशा वेळी डोळा काचेला टेकवून ठेवावा, कॅमेऱ्याचे दिवे बंद करावेत आणि बाहेर साधा बल्ब लावावा.

तिसरा उपाय उंचीचा. पंधरा फुटांवरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला खाली टोपी आणि केस दिसतात, चेहरा दिसत नाही. सगळी गल्ली पाहणारा कॅमेरा उंच असू द्या, पण ज्या दारातून प्रत्येकाला यावेच लागते तिथला कॅमेरा सात-आठ फुटांवर असावा.

नऊ वॅटचा दिवा

कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'रात्री तीस मीटर' असे छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की तिथे काहीतरी हलले हे कळेल. चेहरा ओळखू येईल असा त्याचा अर्थ नव्हे. प्रकाशाचा नियम कडक आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. दहा फुटांवर जेवढा उजेड पडतो त्याचा वीस फुटांवर चौथा हिस्सा, चाळीस फुटांवर सोळावा.

म्हणून नवीन कॅमेऱ्याच्या आधी एक दिवा लावून पाहावा. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज बारा तास जळला तर महिन्याला सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते. चाळीच्या कॉमन मीटरवर हा बोजा घरटी काहीच नाही. अंधार पडताच आपोआप लागणारे आणि माणसाच्या हालचालीने लागणारे बल्बही मिळतात. दिवा कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला असावा, त्याच्या डोळ्यासमोर नसावा. समोर दिवा असला की येणारा माणूस काळी आकृती होतो. पांढऱ्या उजेडात चित्र रंगीत राहू शकते, शर्टाचा खरा रंग कळतो आणि रात्री येणाऱ्या लेकीबाळींना पायाखालचेही दिसते. हा शेवटचा फायदा कोणत्याही महागड्या कॅमेऱ्याने मिळत नाही.

जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त चांगले?

दुकानात गेल्यावर पहिला सल्ला मिळतो, "दोनचा काढा, आठ मेगापिक्सेलचा लावा." थांबा. पावसात पागोळीखाली एकाच जागेत चार घमेली ठेवली, तर प्रत्येकात बरेच पाणी साठते. तेवढ्याच जागेत शंभर वाट्या ठेवल्या, तर प्रत्येकीत घोटभरच येते. कॅमेऱ्याच्या आतल्या चिपचे असेच आहे. चिप तेवढीच ठेवून पिक्सेल वाढवले तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि रात्रीच्या चित्रात मुंग्या वाढतात. म्हणून दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. चिप केवढी आहे? आणि भिंगाचा 'एफ' आकडा किती? हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ १.० चे भिंग एफ २.० पेक्षा चौपट उजेड आत घेते.

भिंगाचा आणखी एक आकडा मिलिमीटरमध्ये असतो. बहुतेक घरी २.८ मिलिमीटरचे भिंग असते, कारण त्यात सगळे मावते. पण सगळे मावले म्हणजे प्रत्येक गोष्ट लहान झाली. अनोळखी माणूस निःसंशय ओळखता यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल असावेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे पावणेआठ मीटरपेक्षा रुंद देखावा घेतला की ही खात्री संपली. २.८ च्या भिंगाने ही मर्यादा साधारण बारा फुटांवरच येते, ६ मिलिमीटरच्या भिंगाने सुमारे पंचवीस फुटांवर. हा हिशेब दिवसाच्या उजेडाचा. रात्री त्याहून कमीच धरावे. चाळीच्या चिंचोळ्या बोळासाठी ६ मिलिमीटरचे भिंग पुष्कळदा जास्त कामाचे ठरते.

डीव्हीआरच्या आतले बदल

कॅमेऱ्याच्या किंवा डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये तीन-चार गोष्टी पाहून घ्याव्यात. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. तिथे ६० असेल तर ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे फिरतात किंवा चित्र लुकलुकते, म्हणून ५० करावे.

दुसरी गोष्ट शटर. अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. सेकंदाचा बारावा भाग उघडा राहिला तर सेकंदाला चार मीटर पळणारा माणूस तेवढ्यात फूटभर सरकतो, आणि चेहऱ्याचा पट्टा होतो. शटर १/५० वर ठेवले तर तोच माणूस तीन इंच सरकतो. चित्र थोडे काळोखे होईल, पण चेहरा पुसला जाणार नाही. बाहेर दिवा लावल्यावरच हे नीट जमते, म्हणून दिवा आधी सांगितला.

तिसरी गोष्ट, चित्रातल्या मुंग्या घालवणारे 'डीएनआर' नावाचे सेटिंग. ते फार चढवले तर उभी गाडी झकास दिसते, पण चालणारा माणूस धुरासारखा दिसतो. ते मध्यम ठेवावे. जवळच्या चेहऱ्याचा पांढरा गोळा होत असेल तर 'स्मार्ट आयआर' चालू करून पाहावे, जवळ आलेल्या माणसावर दिव्यांचा जोर त्याने कमी होतो.

काहींची तक्रार असते, की कॅमेरा दिवसभर चालतो आणि रात्रीच बंद पडतो किंवा चित्रात आडव्या रेषा येतात. याचे कारण पुष्कळदा वायरमध्ये असते. रात्री दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो. लांब आणि बारीक वायरमधून १२ व्होल्ट शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. दिवसा कॅमेऱ्याच्या डोळ्यावर हात धरून दिवे लावावेत आणि वायरमनकडून कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजून घ्यावे. १२ च्या बरेच खाली गेले तर जाड वायर टाकावी किंवा अॅडाप्टर कॅमेऱ्याजवळ आणावा. कॅमेरा बदलण्याची गरज नाही.

चित्र टिकले तर पुरावा

एखादी ताई विचारील, "चित्र सुधारले, आता झाले ना?" अजून नाही. एक कॅमेरा दोन मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी जागा खातो. चार कॅमेरे असले तर एक टीबीची हार्डडिस्क साधारण साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने पुसून नवे लिहू लागते. पंधरा दिवसांनी पोलिसांकडे गेलात तर दाखवायला काही उरणार नाही. घटना कळली की त्याच दिवशी मूळ चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. मोबाइलने पडद्याचे शूटिंग करून व्हॉट्सअॅपवर पाठवले की उरलासुरला चेहराही जातो.

डीव्हीआरचे घड्याळ मोबाइलशी ताडून पाहावे. वेळेला केवढी किंमत असते, हे आपल्याच राज्यातल्या खटल्याने दाखवले. जालन्यात २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला की आधी, यावर वाद झाला. निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण त्यात महत्त्वाचे ठरले. या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले, की मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची आणि तज्ज्ञाची सही लागते. म्हणून तक्रार देताना डीव्हीआर कोणाच्या ताब्यात आहे आणि प्रत कोणी, कधी काढली, याची नोंद वहीत असू द्यावी.

शेजाऱ्याचे दार आणि परक्याचे पोर

कॅमेरा वळवताना, दिवा लावताना तो कोणाच्या घरात डोकावत नाही ना, हे पाहावे. चाळीत दाराला दार भिडलेले असते. सार्वजनिक नळ, शौचालयाचे दार, समोरची मोरी या जागा चित्रात घेऊ नयेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क बंगल्यातल्यांना आहे तसाच दहा बाय बाराच्या खोलीतल्या बाईलाही आहे. शेजाऱ्यांना चित्र दाखवून, विचारून कॅमेरा बसवला तर भांडणाला जागा राहत नाही.

आणि शेवटची गोष्ट. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात २०१८ साली एका दुकानातून घड्याळे चोरीला गेली. कॅमेऱ्यातले अंधुक चित्र संगणकाला देण्यात आले आणि त्याने रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय गृहस्थाचा फोटो जुळवून दिला. जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी त्यांच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या डोळ्यांदेखत त्यांना बेड्या घातल्या. सुमारे तीस तास कोठडीत काढल्यावर ते सुटले. चोरी त्यांनी केलीच नव्हती. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत, नुसत्या संगणकी जुळणीवर अटक करणार नाही, हे डेट्रॉइट पोलिसांना मान्य करावे लागले.

तिथे संगणकाने जे केले ते आपल्याकडे गल्लीतली चार माणसे करतात. संशयाची सुई बहुतेक वेळा कोणाकडे फिरते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. जो पोरगा नापास झाला, ज्याला काम नाही, ज्याचा बाप दारू पितो, त्याचेच नाव पहिले निघते. म्हणून चित्र अंधुक असेल तर ते ग्रुपवर टाकू नये, कोणाचे नाव जोडू नये. पोलिसांना मूळ चित्रण द्यावे आणि जबाबात दिसले तेवढेच सांगावे: एक माणूस, अमुक वेळ, अमुक दिशेने गेला, चेहरा ओळखता आला नाही. असे सांगण्यात कमीपणा नाही.

येत्या रविवारी एवढे करून पाहा. दिवसा काच पुसा, जळमटे काढा, घड्याळ ताडा. रात्री दहानंतर घरातल्याच एकाला गेटपासून दारापर्यंत एकदा चालत आणि एकदा पळत यायला सांगा, आणि चित्रण थांबवून पाहा. आपल्याच माणसाचा चेहरा आपल्याला ओळखू येत नसेल, तर परक्याचा कसा येईल? मग आधी दिवा, नंतर जागा, नंतर सेटिंग आणि सगळ्यात शेवटी नव्या कॅमेऱ्याचा विचार, या क्रमाने जा. काही अडले तर साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा, पुढच्या एखाद्या अंकात त्याचा विचार करू.